एका माणसाचा मांडव

नागपुरात साठीच्या पुढचं कोणी भेटलं आणि त्याचं लग्न इतवारीत किंवा रामटेकच्या बाजूला लागलेलं असलं, तर ते मधुकररावाच्या मांडवाखाली लागलं असणार असं मी धरूनच चालतो. चारदोनदा चुकलोही आहे. पण चुकलं तरी समोरचा माणूस आपल्या लग्नाची गोष्ट सांगतोच, त्यामुळे माझं काही जात नाही.

मधुकर आणि मी रामटेकजवळच्या एकाच गावच्या शाळेत होतो. शाळा म्हणजे मातीच्या भिंती आणि वर टिना. एकदा उन्हाळ्याच्या तोंडी वावधन आलं, म्हणजे आमच्याकडचं वादळ, आणि टिना उडून शेजारच्या धानाच्या बांधीत जाऊन पडल्या. गुरुजींनी शाळा बंद केली नाही. कोणाच्या तरी बैलबंडीवरची ताडपत्री मागून आणली आणि भिंतींवरून ताणली. ती घडोघडी सुटायची. मोठी पोरं बांधून थकली. शेवटी मधुकरनं बांधली, आणि ती सुट्ट्या लागेपर्यंत हलली नाही. गुरुजी त्याला छप्परमंत्री म्हणायचे. पाढे त्याला सतराच्या पुढं कधी आले नाहीत. पाढे म्हणायची पाळी आली की तो वर ताडपत्रीकडे पाहायचा, गुरुजीही वर पाहायचे, आणि त्याला खाली बसवायचे.

पुढं तो इतवारीत एका बिछायत केंद्रात लागला. मांडव, गाद्या, गंज म्हणजे पातेली, पराती भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. काही वर्षांनी त्याचं स्वतःचं झालं. भंडाऱ्यापासून गोंदियापर्यंत त्याचा टेम्पो मांडवाच्या लाकडी बल्ल्या आणि कनाती घेऊन जायचा. त्याचे दोन नियम होते. पहिला, मांडवाचं तोंड वाटेकडे. येणाऱ्याला लांबून आत दिसलं पाहिजे, आणि आतल्याला येणारा दिसला पाहिजे. दुसरा, सांगितलं असेल त्यापेक्षा एक खण जास्त टाकायचा, कारण बोलावलेले आणि आलेले यांचा मेळ आमच्या मुलखात कधी बसलेला नाही. तुमसरकडच्या एका लग्नात तर दुसऱ्याच गावाला चाललेली वरात मांडवाचं तोंड पाहून आत शिरली. जेवली, आहेर केला, आणि नवरदेव आपला नाही हे कळल्यावर आणखी एकदा मठ्ठा पिऊन गेली. मधुकर म्हणाला, "पाहा, एक खण जास्त होता म्हणून निभावलं."

पहिला पाहुणा वाटेवर दिसला की तो हातातलं काम टाकून उठायचा. बल्ली अर्धवट गाडलेली असो, ताट वाढलेलं असो. त्याची बायको प्रेमिला म्हणते की स्वतःच्या लग्नातही मंगलाष्टकं सुरू असताना हा मागून येणाऱ्या कोणासाठी तरी सरकून जागा करत होता.

आता पोरानं धंदा बदलला आहे. लॉन, हॉल, लोखंडी सांगाडे, फुलांच्या भिंती. मधुकरची पाठ बल्ल्या उचलून उचलून गेली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरनं सांगितलं की यापुढं शाळकरी पोराच्या दप्तराएवढंच ओझं उचलायचं. इतवारीतून तो मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहायला आला. मी आधीपासून तिथंच होतो. दोघं सकाळी खाली बाकावर बसतो. मी बोलतो आणि तो ऐकतो, किंवा ऐकत नाही, मला फरक पडत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर मयुरा राहते. कॉलेजात शिकवते. दर जानेवारीत ती आणि तिच्यासारखे चारपाच जण भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव पायी फिरतात आणि पाणपक्षी मोजतात. रात्री तलावाकाठी, गावाची परवानगी घेऊन, उघड्यावर मुक्काम. मागच्या दिवाळीत तिनं बाकावर बसून आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवले. मी माझ्या बालपणीच्या बगळ्याची गोष्ट सुरू केली होती, तेवढ्यात मधुकरनं तिचा हात धरून एक फोटो थांबवला.

"हा तलाव माह्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "याच्या काठच्या पाळीवर मी मांडव टाकला आहे."

"कोणाच्या लग्नात, काका?"

"ते नाई आठवत. पाखरं आठवतात. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू व्हायचा, अन् तवाच ते यायचे. सकाळी पोहोचलो की पाणी कसं काळं दिसे त्याइनं. मंग मी पहिला घण मारला का सारे उडून जात. जिथं गेलो तिथं उडाले." त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "इतके वर्षं मी त्याइची पाठच पाहिली. एकदा बसलेले पाहाचे आहेत मले."

मग त्यानं तिला विचारलं, मी येऊ काय. मी हसलो. मयुरा हसली नाही.

"या," ती म्हणाली. "पण आमच्याकडे हमाल नाही, काका. ज्याचं ओझं त्यानं न्यायचं, ज्याचा निवारा त्यानं लावायचा. आणि सकाळी कोरडं उठायचं. एक माणूस भिजला की साऱ्यांची मोजणी खोळंबते. आधी एकदा करून दाखवा."

तिथून निवारा निवडणं सुरू झालं. ज्या माणसानं मैदानं झाकली, तो एका माणसाच्या झोपेपुरतं कापड शोधायला निघाला.

पहिल्यांदा आम्ही सदरमधल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोरीनं एक गोल तंबू आमच्यासमोर झटक्यात उभा केला. "अंकल, दोन मिनिटांत होतो," ती म्हणाली.

"आमचा दोन दिवस घ्यायचा," मधुकर म्हणाला, "पण त्यात पंगत बसे."

त्यानं कापड चिमटीत धरलं, शिवण उलटून पाहिली, मान हलवली. कापड पसंत होतं. तंबू घरी आणून पाठीवर बांधला आणि गच्चीवर फेऱ्या मारायला लागला. मी बाजूला बसून मोजणार होतो, पण मोजण्यासारखं काही झालंच नाही. थोड्याच वेळात त्याचा हात कमरेवर गेला. प्रेमिला वाळत घातलेले कपडे काढत होती. ती म्हणाली, "घर पाठीवर घेऊन फिराले गोगलगाय होय काय जी तुम्ही?" तंबू दुकानात परत गेला.

मयुरानं मग त्याला बसवून समजावलं. "तंबूत काय काय असतं, काका? छत, भिंती, तळ, काड्या. त्यातलं छत ठेवा. बाकीचं सोडा."

"अन् भिंती?"

"भिंती अंगावर घालायच्या."

तिनं आपलं सामान दाखवलं. छत म्हणजे एक पातळ ताडपत्री, घडी केली की पोळीच्या डब्यात मावेल. तिला ही मंडळी टार्प म्हणतात. चालायच्या काठीवर ताणायची, कोपऱ्यांना दोऱ्या आणि खुंट्या. आणि भिंती म्हणजे एक लांब खोळ, उशीला असते तशी, पण आख्ख्या माणसाला. झोपायच्या पिशवीसकट आत शिरायचं, तोंड तेवढं बाहेर. इंग्रजीत तिला बिवी म्हणतात. हे नाव घरात प्रेमिलासमोर घेतल्यावर काय झालं ते मी सांगत बसत नाही. त्या दिवसापासून आम्ही खोळच म्हणतो.

खोळीतही दोन जाती निघाल्या. एक दुकानातली स्वस्त, प्लॅस्टिकसारखी कुरकुरणारी. दुसरी महाग, मयुराच्या मैत्रिणीची, पाहायला आणलेली. मयुरा म्हणाली, "पाणी दोन्हीतून आत येत नाही. पण तुमच्या अंगाची वाफ बाहेर जाते की नाही, ते महत्त्वाचं. नाहीतर दव बाहेर राहतं आणि माणूस आतून भिजतो."

मधुकरला हे तोंडी पटेना. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात भाताच्या गंजावर त्यानं स्वस्त खोळीचा पाय बांधलेला, वर स्टीलची थाळी उपडी धरलेली.

"माह्या भाताले कपडे घालून राहिले," प्रेमिला मला म्हणाली. "पाहुणे आले तं सांगा, नवरदेव शिजून राहिला म्हणून."

स्वस्त कापड आतून टपटप गळायला लागलं आणि थाळी कोरडी राहिली. महाग कापडाच्या वेळी थाळीवर धुकं धरलं. मधुकरनं थाळीवरून बोट फिरवून मला दाखवलं. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर पोराच्या लग्नातही पाहिला नव्हता. दुसऱ्या जातीची खोळ ठरली. त्या दिवशीचा भात मात्र कच्चा होता, आणि तो मला वाढला गेला.

अडलं ते ताडपत्रीवर. मयुरानं एका माणसाची सांगितली होती. मधुकरनं मागवली तीन माणसांची.

"हलकीच आहे," तो म्हणाला.

"एकाच्या मानानं दुप्पट आहे," मयुरा म्हणाली. "कोणासाठी एवढी?"

"कोणी आलं तं?"

"कोण येऊन राहिलं तिथं?" प्रेमिला आतून म्हणाली. "बदकं?"

ती मोठी ताडपत्री गच्चीवर ताणून मधुकर तिच्याखाली बराच वेळ बसला. मीही शेजारी बसलो, म्हणजे बघा, जागा होतीच. बसल्या बसल्या तो म्हणाला, "वामन, एका माणसाचा मांडव कसा टाकाचा, हे मले कोणी कधी विचारलंच नाई गा." मला त्यावर सांगायला गोष्ट सुचली नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं. आपण ज्या मापानं जगलो ते माप आपल्या हातात बसलेलं असतं. लहान करायचं म्हटलं तर हात ऐकत नाही. मी स्वतः आठ भावंडांच्या घरात वाढलो. बायको गेल्याला किती वर्षं झाली, तरी मी आजही चहाचं आधण जास्तच ठेवतो.

पण पाठ ऐकत नव्हती. मोठी ताडपत्री, खोळ, झोपायची पिशवी, पाणी, असं सारं घेऊन तो बाजारापर्यंत गेला आणि ऑटोनं परत आला. संध्याकाळी त्यानं स्वतःच मयुराला सांगितलं, लहानी मागव.

डिसेंबरात परीक्षा ठरली. आमच्या गावी, माझ्या पुतण्याच्या शेतात. शेताला लागून एक बोडी आहे, म्हणजे लहान तळं, आणि थंडीत तिच्यावर बदकं उतरतात. निघायच्या दिवशी प्रेमिलानं पाठीवरची पिशवी उचलून पाहिली, खाली ठेवली, आणि आत हात घातला. तळाशी, मफलरमध्ये गुंडाळलेली, हातोडी निघाली.

"हे काय जी?"

"खुंट्या माराले."

"डॉक्टरनं काय सांगतलं?"

"लहानशी आहे."

प्रेमिलानं हातोडी शोकेसवर ठेवली. पण आम्ही चौघं शेतावर पोहोचल्यावर मी पाहिलं तर ती त्याच्या कोटाच्या खिशात होती. कधी घेतली कोणास ठाऊक.

बोडीवर शंभर तरी पाखरं असतील. मयुरानं बाजूला बांधाच्या आडोशाला आपली ताडपत्री केव्हाच लावली आणि दुर्बीण घेऊन बसली. मधुकरनं जागा पाहिली. गावाकडून येणारी पायवाट उत्तरेला, बोडी दक्षिणेला. त्यानं जमीन पायानं साफ केली, कापड पसरलं, दोऱ्या सोडल्या. हात कसे चालत होते म्हणून सांगू. मग त्यानं पहिली खुंटी उभी धरली, खिशातून हातोडी काढली आणि मारली.

एकच ठोका. सारी बोडी एकदम उठली. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, झाडांपलीकडे विरला, आणि पाणी रिकामं झालं.

मयुरानं दुर्बीण खाली घेतली. मधुकर वाकलेलाच होता, एका हातात खुंटी, एका हातात हातोडी. मी त्याला हाक मारली. "हं," एवढंच म्हणाला, आणि बाकीच्या खुंट्याही ठोकल्या. उडायला आता कोणी उरलं नव्हतं.

तो आणि मयुरा तिथं राहिले. प्रेमिला आणि मी पुतण्याच्या घरी गेलो, त्यामुळं रात्रीचं मला काही सांगता येत नाही. मी गोधडीत होतो. पहाटे टिनांवर पावसाची भुरभुर ऐकू आली, उत्तरेचा वारा होता. उजाडल्यावर मी चहाचा थर्मास घेऊन शेतावर गेलो. प्रेमिला भाकरी टाकत होती, म्हणाली मी मागून येते.

मधुकर ताडपत्रीखाली बसून मफलर पिळत होता. उशी भिजलेली, खोळीच्या उघड्या तोंडातून पाणी शिरून झोपायची पिशवी छातीपर्यंत ओली. मयुरा शेजारी उकिडवी बसली होती. ती मात्र कोरडी.

"काका, तोंड कुठं केलं तुम्ही?" तिनं विचारलं.

"वाटेकडे."

"आणि डोकं?"

"तिकडंच. कोणी आलं तं दिसाले पाहिजे."

मयुरानं उत्तरेकडे हात केला. पायवाटेवरून वारा सरळ आत येत होता, कापड फुगत होतं. "तुमच्या वाटेनं वारा-पाऊस तेवढा आला," ती म्हणाली. "जानेवारीत असं झालं तर दुसऱ्याच दिवशी मला तुम्हाला एसटीत बसवून परत पाठवावं लागेल. मग ते तलाव पाहायचे राहतील तुमचे."

मधुकरनं चहा घेतला. बोडीकडे पाहिलं. काही बदकं पहाटे परत आली असावीत, पण ती लांब, पलीकडच्या गवतात होती.

"परत लावतो," तो म्हणाला. "आत्ताच."

त्यानं सारं सोडलं. कापड झटकलं. आणि मग दोरी हातात घेऊन नुसता उभा राहिला. मी पाहत होतो. करायचं काय ते त्याला कळलेलं होतं, कापड फक्त फिरवायचं होतं. पण तो वाटेकडे पाहत होता.

"अन् कोणी आलंच तं?" त्यानं विचारलं. थट्टा नव्हती.

"येईल तो फिरून येईल," मयुरा म्हणाली.

त्यानं वाटेकडे पाठ केली. उत्तरेची कड जमिनीला लागेल इतकी खाली घेतली, दक्षिणेची काठीवर उचलली. खुंटी धरली, आणि त्याचा हात खिशाकडे गेला. तिथंच थांबला. त्यानं हातोडी काढून माझ्याकडे दिली. जमीन भुरभुरीनं मऊ झाली होती. तळहातानं दाबत, मग टाचेनं दाबत, एकेक खुंटी त्यानं आत घातली. पाठ वाचवत, गुडघ्यावर बसून, सावकाश. कसलाच आवाज झाला नाही. झाल्यावर मयुरानं कापडावर हात फिरवला, खालच्या कडेला कान लावला, वारा आत येतो का पाहिलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बसताना तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली. मी ती पाहिली. मधुकरनं पाहिली नाही, तो आत शिरला होता.

मी बांधावर बसलो, कोटात हातोडी घेऊन. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

बदकं गवतातून निघाली. थोडं पुढं यायची, थांबायची, बाजूला वळायची. मग एक जोडी सरळ आमच्याकडे यायला लागली. मोठी होती. चोच काळी, टोकाला पिवळी, आणि चोच कपाळाला मिळते तिथं लाल ठिपके. मयुरा तिच्या जागेवरून पुटपुटली, "हळदीकुंकू."

मधुकरनं मान किंचित वळवली.

"नाव आहे त्यांचं," ती म्हणाली. "हळदीकुंकू बदक."

आयुष्यभर लग्नं उभी केलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, मी विचारलं नाही, पुढंही कधी विचारलं नाही. तो गुडघ्यांभोवती हात बांधून बसला होता, ओला मफलर गळ्यात. जोडी काठाच्या चिखलात आली. चोच घालून चिखल चाळायला लागली, इतक्या जवळ की तो चुबुकचुबुक आवाज मला बांधावर येत होता.

तेवढ्यात वाटेनं प्रेमिला आली. डोक्यावर पदर, हातात भाकरीचा डबा, आणि ती चालताना बांगड्या वाजतात. मधुकरच्या पाठीमागं, दहा पावलांवर. त्याला ऐकू आलं. मला खात्री आहे, कारण त्याचे खांदे हलले. साऱ्या जन्माची सवय, वाटेवर माणूस आला की उठायचं.

तो उठला नाही. मान वळवली नाही. एक हात तेवढा पाठीमागं नेला, आणि पंजा खाली दाबून धरला. थांब.

प्रेमिला थांबली. तिनं बांगड्या दुसऱ्या हातानं धरल्या. मग पाण्याकडे पाहिलं, डबा हळूच बांधावर माझ्याजवळ ठेवला, आणि खाली बसली.

बदकं चिखल चाळत राहिली. भाकरी निवली, वांग्याचं भरीत निवलं. भुकेनं माझा जीव चालला होता, पण डब्याचं झाकण वाजतं म्हणून मीही हात लावला नाही.